पाहुणे येण्याआधी संपणारे काम: सुट्टीतल्या मेजवानीसाठी सोपे आणि देखणे स्टार्टर

सुट्टीच्या दिवसांत घरी दहाबारा माणसे जेवायला बोलावली की यजमानाचा सगळा जीव मुख्य जेवणात अडकलेला असतो, आणि पाहुणे उंबरठ्यात आल्यापासून पाने वाढेपर्यंतच्या तास-सव्वा तासाचा विचार बहुधा शेवटच्या घटकेला, वेफर्सचे पाकीट फोडताना होतो. पण पाहुण्यांना भूक लागलेली असते ती नेमकी याच वेळात. ते बहुतेक उभे असतात, एका हातात सरबताचा पेला असतो आणि दुसऱ्या हाताला सारखे कुणाशी तरी हात मिळवायचे असतात. म्हणून स्टार्टर कसा असावा हे त्या मोकळ्या हातावरून ठरते: तो चमच्याशिवाय उचलता यावा, एका किंवा फार तर दोन घासांत संपावा, आणि त्यातून कपड्यांवर काही गळू नये.

फ्रेंच लोक पावाच्या लहान तुकड्यावर काही रचून केलेल्या अशा पदार्थाला ‘कॅनपे’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ सोफा असा आहे, कारण वरचे पदार्थ त्या तुकड्यावर सोफ्यावर बसल्यासारखे बसतात. ही उपमा नवशिक्याने जरूर लक्षात ठेवावी. जवळपास प्रत्येक देखण्या स्टार्टरमध्ये खाली एक बैठक असते, तिच्यावर एक लेप असतो आणि सर्वांत वर नजरेत भरणारी एखादी गोष्ट असते. बैठक ओली झाली की सगळी रचना खचते. बिघडलेले स्टार्टर आठवून पाहिले, तर बहुतेक वेळा बिघाड चवीत नसून पाण्यामुळे झालेला आढळतो. त्यामुळे पुढे जे सांगितले आहे त्यातील निम्मे पाणी काढण्याविषयी आणि उरलेले बरेचसे वेळेविषयी आहे.

किती करावे आणि काय निवडावे

स्टार्टरनंतर तासाभरात भरपेट जेवण असेल तर माणशी ४ ते ६ नग पुरतात. जेवण नसून संध्याकाळभर हेच खायचे असेल तर माणशी १० ते १२ नग धरावे लागतात. १२ पाहुण्यांसाठी, मागाहून जेवण आहे असे गृहीत धरून, ६० नगांचा हिशेब होतो, आणि ते तीन प्रकारांत वाटले तर प्रत्येकाचे २० नग करायचे असतात. पहिल्यांदा करणारी व्यक्ती हमखास उत्साहाच्या भरात सहा-सात प्रकार ठरवते आणि पाहुणे आले तेव्हा ओट्याशी घामाघूम उभी असते. तीन प्रकार नीट झाले तर कुणालाही चौथ्याची आठवण होत नाही. यांपैकी एक प्रकार आदल्या दिवशी जवळजवळ पूर्ण तयार होणारा, एक चुलीला न लागता नुसता जुळवायचा आणि फार तर एकच गरम असावा. दोन गरम प्रकार म्हणजे यजमानाने पाहुण्यांना सोडून ओव्हनशी गप्पा मारणे होय.

आमंत्रण देतानाच कोण काय खात नाही हे विचारून घ्यावे. शाकाहाराचा प्रश्न आपण सहज विचारतो, पण सुकामेवा, तीळ, अंडी, दूध, गहू आणि मासे यांची ॲलर्जी अनेकांना असते आणि लहानशा गोळ्यात नेमके काय दडले आहे हे बाहेरून दिसत नाही. तबकाशेजारी पदार्थाचे नाव आणि त्यातील असे घटक लिहिलेली छोटी चिठ्ठी ठेवली की पाहुण्यांना दर वेळी विचारावे लागत नाही.

आदल्या रात्री: एक चक्का, तीन कामे

सर्व तयारीचा कणा म्हणून मी चक्का सुचवतो. तो करायला कौशल्य लागत नाही, फक्त रात्र लागते. १ किलो घट्ट, साय न काढलेल्या दुधाचे दही स्वच्छ मलमलीच्या दुहेरी फडक्यात घालून त्याची पुरचुंडी चाळणीत ठेवावी, चाळणी एका खोल पातेल्यावर टेकवावी आणि हे सगळे झाकून फ्रिजमध्ये १२ तास राहू द्यावे. चाळणीचा तळ पातेल्यात साठणाऱ्या पाण्याला टेकता कामा नये, नाहीतर निथळणे तिथेच थांबते. सकाळी साधारण निम्म्या वजनाचा, सुरीने कापता येईल इतका घट्ट चक्का हाती येतो. बाहेर टांगून ठेवलेला चक्का आंबट होतो, म्हणून फ्रिजची जागा अडली तरी चालेल, पण तो आतच निथळू द्यावा.

या चक्क्यात पाऊण चमचा मीठ, किसणीवर बारीक किसलेली लसणाची एकच लहान पाकळी, एका लिंबाच्या सालीचा फक्त पिवळा भाग किसून आणि दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल मिसळावे. सालीचा पांढरा भाग कडू असतो, त्यामुळे किसणी हलक्या हाताने चालवावी. लसूण एकच पाकळी का, असा प्रश्न पडेल. कच्च्या लसणाचा झणका तासागणिक वाढत जातो आणि काल संध्याकाळी बेताचा वाटलेला लसूण आज दुपारी बाकी सगळ्या चवी गिळून बसतो. शेपू किंवा पुदिना घालायचा असेल तर तो धुऊन, कापडावर पसरून अगदी कोरडा करावा आणि त्याच दिवशी चिरावा. थंड पदार्थाची चव जिभेला कमी लागते, म्हणून फ्रिजमध्ये ठेवण्यापूर्वी लेप चाखून पाहताना मीठ किंचित चढे वाटले तर ते बरोबर आहे असे समजावे.

हा एकच लेप पावाच्या कुरकुरीत चकत्यांवर लावता येतो, काकडीत भरता येतो आणि अंड्यांच्या सारणातही घालता येतो. तीन वेगळे पदार्थ दिसतात, पण काम एकदाच होते.

बैठक पहिली: पावाच्या चकत्या

लांब फ्रेंच पाव, म्हणजे बगेट, आदल्या दिवशीचा असेल तर उत्तम, कारण ताजा पाव सुरीखाली दबतो. करवती सुरीने, थोडी तिरकी धरून, १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात. एका पावात सुमारे ३५ ते ४० होतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना ब्रशने ऑलिव्ह तेलाचा पातळ हात फिरवावा. हे तेल चवीपुरते नसते. लेपातील ओलावा पावात मुरायला त्यामुळे वेळ लागतो. १८० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये ८ ते १२ मिनिटे, मध्ये एकदा उलटून, कडा सोनेरी होईपर्यंत भाजाव्यात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर थोडा अधिक वेळ देऊन तेच काम होते.

चकत्या अजून गरम असताना सोललेली लसणाची पाकळी त्यांच्या खरखरीत पृष्ठभागावर दोनदा घासावी. पाव किसणीसारखे काम करतो आणि लसणाचा नुसता वास मागे राहतो. यानंतर त्या जाळीवर पूर्ण गार होऊ द्याव्यात आणि मगच हवाबंद डब्यात भराव्यात. कोमट असताना झाकण लावले तर आतली वाफ डब्याला घाम आणते आणि सकाळी चकत्या चिवट मिळतात. नीट गार केलेल्या चकत्या दोनतीन दिवस कुरकुरीत राहतात.

वाढण्यापूर्वी अर्ध्या तासाच्या आत त्यांवर चक्का लावावा आणि वर काहीतरी एकच ठेवावे: भाजलेल्या लाल सिमला मिरचीची पट्टी, पातळ कापलेले अंजीर, किंवा भाजून भरडलेला अक्रोड आणि मधाचा एक थेंब. सिमला मिरची थेट ज्योतीवर, साल काळी पडेपर्यंत भाजून, झाकलेल्या भांड्यात दहा मिनिटे ठेवली की साल हाताने निघते. ती नळाखाली सोलण्याचा मोह होतो. तसे केल्यास चव पाण्यासोबत वाहून जाते. अक्रोड १७० अंशांवर ८ ते १० मिनिटे भाजावा आणि सातव्या मिनिटापासून तिथून हलू नये.

टोमॅटो घालायचा झाल्यास त्यातील बिया आणि त्यांभोवतीचा पाणीदार गर काढून, बारीक चिरून, चिमूटभर मीठ लावून चाळणीत १५ मिनिटे ठेवावा. खाली जमलेले पाणी पाहिले की हे पाणी पावात गेले असते तर काय झाले असते याची कल्पना येते.

बैठक दुसरी: काकडी

पहिल्याच मोठ्या मेजवानीत मी काकडीच्या चकत्यांवर तासभर आधी मीठ भुरभुरून, त्यांवर सुबक गोळे रचून तबक टेबलावर ठेवले होते. पाहुणे आले तेव्हा तबकात पाण्याचे तळे झाले होते आणि गोळे त्यात तरंगू पाहत होते. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि मीठ ते बाहेर ओढते, हे मला माहीत नव्हते असे नाही. लक्षात राहिले नव्हते.

तेव्हापासून पद्धत अशी ठरली आहे. बारीक बियांची लांब काकडी घ्यावी, सालीच्या आलटून पालटून पट्ट्या काढाव्यात म्हणजे कापल्यावर हिरव्या-पांढऱ्या कडा दिसतात, आणि दीड सेंटिमीटर जाडीचे तुकडे करावेत. लहान चमच्याने मधला बियांचा भाग असा कोरावा की तळ शाबूत राहून एक उथळ वाटी तयार होईल. या वाट्या पालथ्या करून कागदी रुमालावर २० मिनिटे ठेवाव्यात. काकडीला मीठ मुळीच लावू नये. हवे तेवढे मीठ लेपात असतेच. वाढण्यापूर्वी अर्ध्या तासात चक्का भरावा, वर शेपूचे एक पान आणि मिरपूड पुरे. पावाची जागा काकडीने घेतल्यामुळे गहू न खाणाऱ्या पाहुण्यांचीही आपोआप सोय होते.

भरलेली अंडी

हा पदार्थ मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तो सर्वांत आधी संपतो आणि नवशिक्याचे हात सोलताना सर्वांत जास्त थरथरतात तेही इथेच.

अंडी आजच आणलेली नसावीत. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली चांगली. ताज्या अंड्याचा पांढरा भाग कवचाखालच्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा आतील कार्बन डायऑक्साइड कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतो, पांढऱ्या भागाची आम्लता कमी होते आणि पकड सैल पडते. दुसरी युक्ती म्हणजे अंडी गार पाण्यात ठेवून तापवत न बसता, उकळत्या पाण्यात झाऱ्याने अलगद सोडावीत. आच थोडी कमी करून ११ ते १२ मिनिटे शिजवावीत आणि पहिली दोन मिनिटे पाणी हळूहळू ढवळत राहावे, म्हणजे बलक मध्यावर राहतो. बलक एका बाजूला सरकला तर अर्ध्या अंड्याची वाटी एका कडेला कागदासारखी पातळ होते आणि भरताना फाटते.

वेळ झाली की अंडी लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत आणि किमान १० मिनिटे तिथेच ठेवावीत. अंडे अधिक शिजले तर बलकाभोवती हिरवट-करडी कडी दिसते. पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ती तयार होते. खायला अपायकारक नसते, पण देखण्या तबकात शोभत नाही. सोलताना अंड्याच्या रुंद बाजूला, जिथे हवेची पोकळी असते तिथे, टिचकी मारून सुरुवात करावी, सगळे कवच ओट्यावर हलके फिरवून तडकवावे आणि पापुद्र्याखाली अंगठा सरकवून वाहत्या पाण्याखाली सोलावे. अंगठा पापुद्र्याच्या वर राहिला की कवच टिकल्याटिकल्यांनी निघते आणि सोबत पांढऱ्याचे लचके येतात.

सुरी प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसत अंडी उभी दुभागावीत. प्रत्येक अर्ध्याच्या पाठीवरून नखाएवढी चकती काढून टाकली तर ते तबकात गडगडत नाही. ६ अंड्यांचे बलक चहाच्या गाळण्यातून दाबून काढावेत. ही दोन मिनिटांची मेहनत घेतली की सारण लोण्यासारखे होते. त्यात दोन मोठे चमचे मेयोनीज, एक मोठा चमचा चक्का, एक लहान चमचा तयार मस्टर्ड, मीठ आणि मिरपूड घालून घोटावे. सारण जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, कोपरा कात्रीने कापून वाट्यांत पिळावे. आदल्या दिवशी पांढऱ्या वाट्या आणि सारण वेगवेगळे झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात, भरण्याचे काम मात्र त्याच दिवशी करावे. वर चिमूटभर पाप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, किंवा बारीक चिरलेली कांद्याची पात घातली की १२ नग तयार होतात. २० हवे असतील तर १० अंडी घ्यावीत.

चूल न पेटवता होणारे दोन

मऊ, मोठा खजूर एका बाजूने चिरून बी काढावी, तिच्या जागी क्रीम चीज किंवा बकरीच्या दुधाचे चीज भरावे आणि वर भाजलेल्या अक्रोडाचा तुकडा खोचावा. गोड, खारट आणि कुरकुरीत एकाच घासात मिळते आणि हा पदार्थ सकाळी करून ठेवला तरी बिघडत नाही. खरे सांगायचे तर आळशी यजमानासाठी याहून चांगले काही नाही.

दुसरा प्रकार इटलीतील कापरी बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॅलडचे लहान रूप आहे: काडीवर एक चेरी टोमॅटो, बेसिलचे, म्हणजे तुळशीच्या जातीच्या सुगंधी पाल्याचे, दुमडलेले पान आणि मोझरेला या मऊ, पांढऱ्या चीजचा लहान गोळा. मोझरेला पाण्यात ठेवलेला असतो, तो कागदी रुमालावर चांगला निथळू द्यावा. बेसिल सुरीने कापल्यास कडा काळ्या पडतात, म्हणून पाने अख्खी लावावीत. तेल आणि मीठ तबक उचलण्याच्या क्षणी. लहान मुले असतील तर त्यांच्यासाठी टोमॅटो उभे कापून, काडीशिवाय वेगळे ठेवावेत. वापरलेल्या काड्यांसाठी एक रिकामी वाटी, तीत आधीच एक काडी टाकून, तबकाशेजारी ठेवावी. ती नसेल तर काड्या कुंडीत सापडतात.

एकच गरम प्रकार: मशरूमची पेस्ट्री

विकतची पफ पेस्ट्री वापरण्यात कमीपणा नाही. तिच्यात कणकेचे आणि लोण्याचे अनेक पातळ थर असतात. ओव्हनच्या उष्णतेने त्यांतील पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलते. या लेखात पाणी आपल्या बाजूने काम करते ते एवढ्या एकाच ठिकाणी, आणि तेही पेस्ट्री भट्टीत जाईपर्यंत थंड राहिली तरच. म्हणून ती फ्रीझरमधून काढून रात्रभर फ्रिजमध्ये सैल होऊ द्यावी, ओट्यावर नव्हे.

२५० ग्रॅम मशरूम बारीक चिरून रुंद कढईत, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परतावेत. आधी ते पाणी सोडतात, मग पाणी आटते, आणि कढईत चुरचुर असा कोरडा आवाज येऊ लागला की एक बारीक चिरलेला कांदा, थोडे लोणी, मीठ आणि मिरपूड घालून कांदा मऊ होईपर्यंत परतावे. सारण पूर्ण गार करावे. २५ सेंटिमीटर बाजूच्या पेस्ट्रीच्या चौकोनातून ५ सेंटिमीटरचे २५ तुकडे निघतात. सुरी धारदार असावी आणि ती खाली दाबून कापावी. ओढत नेल्यास कडांचे थर चिकटतात आणि पेस्ट्री वाकडी फुगते. प्रत्येक चौकोनाच्या आत काटा टोचून मध्ये चमचाभर सारण ठेवावे. कडेच्या वरच्या बाजूला दूध लावावे, पण ते कापलेल्या बाजूंवरून ओघळू देऊ नये. १५ मिनिटे फ्रिजमध्ये थंड करून २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटे, तळ सोनेरी होईपर्यंत भाजावेत.

तबक आणि घड्याळ

तबक गच्च भरू नये. नगांमध्ये बोटभर अंतर असेल तर उचलणाऱ्याचा हात शेजारच्याला लागत नाही आणि साध्या पांढऱ्या ताटलीतही पदार्थ उठून दिसतो. एका तबकात एकच प्रकार ठेवावा. सगळे नग एकदम बाहेर मांडण्यापेक्षा दहा-दहाच्या खेपा काढाव्यात. यामागे दिसण्याइतकेच सुरक्षिततेचेही कारण आहे: ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात, त्यामुळे दही, अंडी, चीज असलेले पदार्थ एकूण २ तासांहून अधिक बाहेर राहू नयेत, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर हा अवधी १ तासाचाच धरावा. अर्धवट संपलेल्या तबकात नवे नग भरू नयेत; नवे तबक आणावे आणि जुने आत न्यावे.

वेळेचा हिशेब उलटा करावा. पाहुणे ७ वाजता येणार असतील तर ६ वाजता ओव्हन सोडून बाकी स्वयंपाकघर आवरलेले असावे. ५ वाजता पेस्ट्री भरून आणि अंडी भरून तबकासह, दोन्ही फ्रिजमध्ये. ६ वाजून २० मिनिटांनी ओव्हन तापायला लावून चीज बाहेर, कारण ते अर्धा तास तरी बाहेर राहिल्याशिवाय त्याची चव मोकळी होत नाही. ६ वाजून ३५ मिनिटांनी काकडी आणि पाव यांच्यावर चक्का. पेस्ट्री पहिली घंटा वाजल्यावर ओव्हनमध्ये सरकवावी. लोक कधीच एकदम येत नाहीत. चपला काढून, पहिली विचारपूस होऊन सगळे स्थिरावेपर्यंत २० मिनिटे सहज जातात आणि लोण्याचा वास नेमका तेव्हा बाहेरच्या खोलीत पोहोचतो.

उरलेल्याविषयी. चक्क्याचा न वापरलेला लेप फ्रिजमध्ये ३ दिवस टिकतो आणि पावाच्या कोऱ्या चकत्या डब्यात राहतात. बाहेर २ तास काढलेली अंडी टाकून द्यावीत, कितीही जीव तुटला तरी. पेस्ट्रीचे न भाजलेले चौकोन ताटात सुटे सुटे गोठवून मग पिशवीत भरले तर महिनाभर फ्रीझरमध्ये राहतात, आणि न सांगता कुणी आले तर गोठलेलेच ओव्हनमध्ये घालून नेहमीपेक्षा चारपाच मिनिटे अधिक भाजावेत.